थाळी, गज आणि घड्याळ : जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा वेग कसा तपासावा
(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा आणि रेकॉर्ड प्लेअरच्या मोटरीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पुढे येईलच. पण सुरुवात अगदी व्यवहारापासून करू.

लोणावळा, खंडाळा, तळेगाव या पट्ट्यात जुने बंगले पुष्कळ. वर्षाचे कितीतरी महिने ते बंद असतात. या बंगल्यांत आणि आपल्या वाड्यांच्या माळ्यांवर जुने रेकॉर्ड प्लेअर पडून आहेत. कुणाकडे चावीचा ग्रामोफोन आहे, कुणाकडे एचएमव्हीचं छोटं फिएस्टा, कुणाकडे परदेशातून आणलेलं जड टर्नटेबल. अलीकडे पुन्हा हौस आली आहे. लोक ही यंत्रं खाली काढतात, धूळ झटकतात, तबकडी लावतात. आवाज येतो, सगळे खूश होतात. आणि मग घरातलं एखादं गाणारं माणूस म्हणतं, "काहीतरी चुकतंय. हा आवाज त्यांचा नाही."

हे जे "काहीतरी चुकतंय" आहे, ते बहुतेक वेळा वेगाचं असतं. आज आपण तीन गोष्टी पाहू : वेग चुकला की नक्की काय चुकतं, तो चुकलाय हे कशावरून ठरवायचं, आणि दोष शोधायचा क्रम कोणता. यातली दुसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, म्हणून तिथे जास्त वेळ थांबू.

वेग चुकला की काय चुकतं?

तबकडीवर स्वर म्हणून काही लिहिलेलं नसतं. असते ती नागमोडी खाच. सुई त्या खाचेतून ज्या वेगाने जाईल, त्यावर स्वराची उंची ठरते. थाळी सहा टक्के जास्त वेगाने फिरली, तर सगळं गाणं साधारण अर्धा स्वर वर चढतं. म्हणजे पेटीवर पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकमध्ये ऐकू येतं. सहा टक्के मंद फिरली, तर तितकंच खाली उतरतं.

आता एक लहान हिशेब करू, आपल्या संगीताच्या भाषेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या या कामाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. या श्रुतिविचारात प्रमाणश्रुती म्हणून जे सूक्ष्म अंतर येतं, त्याचं गुणोत्तर ८१ ला ८०. टक्क्यांत सांगायचं तर सव्वा टक्का. आता ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा सव्वा टक्का किती? जवळजवळ एक फेरी. म्हणजे मिनिटाला ७८ ऐवजी ७७ फेऱ्या झाल्या, की सगळं गाणं एका श्रुतीने खाली आलं. यंत्राच्या दृष्टीने ही चूक किरकोळ आहे. कानाच्या दृष्टीने तिला नाव आहे.

पण इथे एक भेद करायला हवा. चूक दोन प्रकारची असते. एक स्थिर चूक : थाळी सतत सारखीच मंद किंवा सतत सारखीच जलद. दुसरी डोलणारी चूक : क्षणात मंद, क्षणात जलद.

स्थिर चुकीत षड्ज सरकतो, पण त्याच्याबरोबर सगळेच स्वर त्याच प्रमाणात सरकतात. षड्ज आणि गंधार यांचं नातं जसंच्या तसं राहतं. आपल्या संगीतात षड्ज ज्याचा त्याने ठरवायचा असतो, त्यामुळे राग बिघडत नाही आणि ऐकणाऱ्याला चटकन कळतही नाही. मग बिघडतं काय? लय बदलते. वीस मिनिटांची बाजू दोन टक्के मंद वाजली, तर ती सुमारे चोवीस सेकंद लांबते. आणि आवाजाची जात बदलते. गळा जड किंवा पातळ होतो, तबल्याची चाट बसते किंवा टणटणते. राग तोच राहतो, पण गाणारा माणूस थोडा वेगळा होतो.

डोलणाऱ्या चुकीत मात्र स्वरांमधली नातीच मोडतात. गायकाने स्थिर लावलेला षड्ज हलायला लागतो. जिथे आंदोलन नाही तिथे आंदोलन ऐकू येतं. जो विद्यार्थी रेकॉर्ड ऐकून गळा तयार करतो, त्याच्यासाठी हे घातक आहे. यंत्राचा दोष तो गायकाची खासियत समजून उचलेल.

फेरी कोण ठरवतं?

चावीच्या ग्रामोफोनात वीज नाही. गुंडाळलेली स्प्रिंग सुटू पाहते, आणि तिला आवर घालायला आत एक नियंत्रक असतो, ज्याला गव्हर्नर म्हणतात. एका दांड्याभोवती तीन छोटी वजनं पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, त्यांच्या ओढीने एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीला घासते. घर्षण वाढलं की वेग कमी. वेग कमी झाला की वजनं आत, घर्षण सुटतं. बाहेरची वेगाची तरफ एवढंच करते की ही गादी थोडी जवळ किंवा लांब नेते.

हीच कल्पना जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनाला लावली होती. मॅक्सवेलने १८६८ मध्ये अशा नियंत्रकांवर गणिती निबंध लिहिला.

विजेवरच्या जुन्या प्लेअरमध्ये गोष्ट वेगळी. तिथे बहुतेकांत असा नियंत्रक नसतो. साधी एसी मोटर असते, आणि तिचा वेग विजेच्या आवर्तनांवर ठरतो. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणजे पन्नास हर्ट्झ. संगीत शिकलेल्यांना आवर्तन शब्द वेगळा समजवायला नको. समेवरून निघून पुन्हा समेवर यायचं, तसं हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं. सिंक्रोनस मोटर या आवर्तनांशी पाऊल जुळवूनच फिरते. स्वस्त प्लेअरमधली इंडक्शन मोटर थोडी मागे रेंगाळते. आवर्तनांच्या हिशेबाने मिनिटाला १,५०० फेऱ्या व्हायला हव्यात, तिथे ती १,४०० च्या आसपास फिरते. व्होल्टेज पडलं की आणखी रेंगाळते. पण तिचाही मूळ धनी आवर्तनच.

मग प्रश्न असा, की आवर्तन कोण ठरवतं? याचं उत्तर लोणावळ्यात बसून द्यायला सोपं आहे. खिडकीतून हात करून दाखवता येतं.

वलवणचं पाणी आणि थाळीची फेरी

जमशेटजी टाटांच्या मनातली जलविद्युत योजना त्यांच्या मृत्यूनंतर उभी राहिली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली, आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वलवण आणि शिरोता या तलावांचं पाणी घाट उतरून, पाचशे मीटरहून अधिक खाली, खोपोलीच्या टर्बाइनवर पडतं. पुढे आंदर मावळातल्या ठोकळवाडीच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र चालू झालं. मुंबईच्या गिरण्यांना गेलेली वीज ही मावळाच्या पावसाची वीज होती.

टर्बाइन फिरतं, त्याच्या दांड्यावर जनित्र फिरतं, आणि जनित्राच्या फेऱ्यांवर आवर्तनं ठरतात. दहा जोड्या चुंबकध्रुव असलेलं जनित्र मिनिटाला ३०० फेऱ्या करत असेल, तर ३००० आवर्तनं मिनिटाला, म्हणजे सेकंदाला पन्नास. टर्बाइनवर पडणारं पाणी कमी-जास्त करायला तिथेही गव्हर्नर असतो. म्हणजे ग्रामोफोनच्या पेटीतला नियंत्रक नाहीसा झाला नाही, तो घाटाखालच्या वीजघरात जाऊन बसला. विजेच्या प्लेअरची थाळी ही एका अर्थाने दूरच्या टर्बाइनचीच शेवटची चकती आहे.

आणि हे नातं एकाच केंद्राशी नाही. सगळी केंद्रं तारांनी जोडलेली आहेत आणि एकाच ठेक्यात फिरतात. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं, तेव्हापासून सगळ्या देशाचं आवर्तन एक आहे. मागणी उत्पादनापेक्षा वाढली की सगळीच जनित्रं थोडी दमतात, आवर्तन खाली येतं. मागणी उतरली की वर जातं.

ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात रेकॉर्डी ऐकल्या, त्यांना विजेचा तुटवडा आठवत असेल. त्या काळात संध्याकाळच्या मागणीत आवर्तन ४९ च्याही खाली जाई आणि रात्री उशिरा ५० च्या वर. पश्चिम विभागात जुलै २००२ पासून नवी दरपद्धत आली. आवर्तन खाली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली, तर महाग पडू लागलं. त्यानंतर शिस्त आली. आज आवर्तन बहुतेक वेळ पन्नासच्या अगदी जवळ असतं.

पण हा जुना काळ आपल्या प्रश्नासाठी मोलाचा आहे, कारण त्यातून मापनाबद्दल फार महत्त्वाची गोष्ट कळते.

कापड आटलं आणि गजही आटला

जुन्या चांगल्या टर्नटेबलच्या थाळीच्या कडेला ठिपके असतात, किंवा सोबत रेघांची गोल चकती मिळते. तिला स्ट्रोबोस्कोप म्हणतात. विजेवरचा दिवा एका आवर्तनात दोनदा उजळतो, म्हणजे पन्नास हर्ट्झवर सेकंदाला शंभर वेळा. चकतीवर १८० रेघा असतील आणि थाळी बरोबर ३३⅓ च्या वेगाने फिरत असेल, तर दिव्याच्या प्रत्येक झगमगीत एका रेघेच्या जागी पुढची रेघ येऊन उभी राहते. डोळ्याला रेघा स्थिर दिसतात. मंद असेल तर मागे सरकतात, जलद असेल तर पुढे. ७८ साठी ७७ रेघा असतात. त्यातून वेग ७७.९२ येतो, तो पुरेसा जवळ आहे.

साधन सुंदर आहे. आता कल्पना करा, १९९० च्या सुमाराची संध्याकाळ आहे आणि आवर्तन ४९ वर आलं आहे. सिंक्रोनस मोटर दोन टक्के मंद झाली, थाळी मंद झाली, स्वर दीड श्रुतीहून जास्त उतरला. आपण स्ट्रोबोस्कोप पाहतो. रेघा ठाम उभ्या! का? कारण दिवाही त्याच विजेवर झगमगतो, तोही दोन टक्के मंद झाला. कापड आटलं, आणि त्याच पाण्यात गजही आटला. मोजमाप म्हणतं, सगळं बरोबर आहे.

आता तत्त्वज्ञानाचा संबंध लक्षात आला असेल. ज्याने मोजायचं ते प्रमाण, जे मोजायचं ते प्रमेय. प्रमाणावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा आपल्या परंपरेतला जुना वाद आहे. नागार्जुनाने नैयायिकांना हाच प्रश्न विचारला : प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात म्हणता, मग प्रमाणं कशाने सिद्ध झाली? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल, तर त्याला तिसरं लागेल, आणि याला अंत नाही.

न्यायसूत्रांत यावर तराजूचा दृष्टान्त आहे. तराजूने आपण सोनं तोलतो, तेव्हा तराजू प्रमाण आणि सोनं प्रमेय. पण तराजूबद्दलच शंका आली, तर वजन माहीत असलेल्या सोन्याने तराजू तपासता येतो. तेव्हा तराजू प्रमेय होतो. एखादी वस्तू कायमची प्रमाण किंवा कायमची प्रमेय नसते, ती कोणत्या कामाला लावली आहे यावर ते ठरतं. हे उत्तर आम्हाला फार व्यवहारी वाटतं. जगातल्या सगळ्या तराजूंवर एकदम शंका घ्यायची गरज नाही. ज्या तराजूवर शंका आहे, तो त्याच्याशी बांधलेल्या नसलेल्या दुसऱ्या साधनाने तपासा.

आपल्या उदाहरणात या सूत्राचा अर्थ एवढाच : थाळी आणि स्ट्रोबोस्कोप दोन्ही एकाच विजेला बांधलेले आहेत, तर तिसरं काहीतरी घ्या, जे त्या विजेला बांधलेलं नाही. ते तुमच्या मनगटावर आहे. सेलवरचं क्वार्ट्झ घड्याळ.

कृती अशी. थाळीच्या कडेला कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवा. तबकडी लावा, सुई ठेवा, गाणं चालू राहू द्या. चिठ्ठी समोरून गेली की घड्याळ सुरू करा आणि फेऱ्या मोजा. ३३⅓ वर शंभर फेऱ्यांना बरोबर तीन मिनिटं, म्हणजे १८० सेकंद लागायला हवेत. सव्वादोन सेकंद जास्त लागले, तर थाळी एका प्रमाणश्रुतीने मंद आहे. ४५ वर दोन मिनिटांत ९० फेऱ्या, ७८ वर एका मिनिटात ७८. मग हेच मोजमाप सुई उचलून करा. दोन्हींत लक्षात येण्याजोगा फरक असेल, तर यंत्र सुईच्या एवढ्याशा ओझ्यानेही दमतं आहे किंवा कुठेतरी घसरतं आहे. हा फरक पुढच्या निदानाला उपयोगी पडतो, म्हणून दोन्ही आकडे लिहून ठेवा.

दोष शोधण्याचा क्रम

यंत्र उघडण्याआधी ऐका. डोलणारी चूक असेल तर तिची सम कुठे येते ते पाहा.

डोलणं फेरीला एकदाच येत असेल, तर संशय तबकडीवर किंवा थाळीवर. तबकडीचं भोक मध्यावरून एक मिलिमीटर सरकलेलं असेल, तर मध्यापासून आठ सेंटिमीटरवर सुई असताना स्वर एक श्रुती वर आणि एक श्रुती खाली हेलकावे खातो. दुसरी तबकडी लावा. दोष गेला, तर यंत्र निर्दोष आहे. कितीतरी चांगली यंत्रं तबकडीच्या भोकापायी दुरुस्तीला जातात.

डोलणं एका फेरीत पाच-सात वेळा येत असेल, तर रबरी चाक पाहा. पुष्कळ जुन्या प्लेअरमध्ये मोटरीचा दांडा रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून थाळी फिरवतं. बटण लावलेलं राहून यंत्र वर्षानुवर्षं बंद पडलं, तर दांड्याखाली दाबलेल्या जागी रबर चेपतं. मग प्रत्येक फेरीत तिथे ठेच लागते.

डोलणं थाळीच्या फेरीशी जुळतच नसेल, पुढे-मागे सरकत असेल, तर पट्ट्याचा प्लेअर असल्यास पट्टा पाहा. पट्ट्याची स्वतःची फेरी थाळीहून वेगळी असते, म्हणून त्याची सम वेगळ्या ठिकाणी पडते.

आता स्थिर मंदपणा. सुरू केल्यावर मंद, आणि दहा-पंधरा मिनिटांनी बरोबर होतो? मग जुनं ग्रीस गोंदासारखं झालं आहे. बंद बंगल्यातल्या यंत्रांची ही सर्वांत साधी तक्रार. सुई ठेवली की मंद, उचलली की बरोबर? मग चाक किंवा पट्टा घसरतो आहे. कायमच सारखा मंद, सुई असो वा नसो? मग मोटर, पुली किंवा वीज.

दुरुस्तीही याच क्रमाने, स्वस्तापासून महागाकडे.

आधी प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. थाळी उचला. पट्टा किंवा चाक बाजूला करून थाळी हाताने फिरवा, ती बराच वेळ शांतपणे फिरत राहिली पाहिजे. लगेच थांबली, तर मधल्या खिळीचं जुनं ग्रीस पुसून काढा आणि शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब द्या. मोटरीच्या दोन्ही टोकांच्या बुशांनाही एकेक थेंब. जास्त नको. उडालेलं तेल रबरावर बसलं की नवा दोष तयार होतो.

मग रबरी चाक, पुली आणि थाळीची आतली कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल किंवा थिनर रबराला लावू नका, रबर फुगतं. चाकाची चकाकी बारीक पॉलिश पेपरने हलकी काढली तर पकड येते. पण चेपलेलं किंवा दगडासारखं झालेलं चाक बदलावं किंवा त्याला नवं रबर चढवून घ्यावं. सैल पट्टाही बदलावा. पट्ट्याला राळ लावायचा सल्ला कुणी देतं. दोन दिवस बरं वाटतं, मग राळ पुलीवर जमते आणि पुलीचा व्यास वाढतो. व्यास वाढला की वेग वाढला! एका दोषाच्या जागी दोन.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इथे पुलीवर गंजाचा पातळ थर धरतो, तोही व्यास बदलतो आणि पट्टा खातो. पावसाळ्याआधी पट्टा काढून ठेवावा, चाकाचं बटण सुटं ठेवावं, आणि महिन्यातून एकदा यंत्र अर्धा तास चालवावं.

चावीच्या ग्रामोफोनात वेग झटके खात असेल, तर गव्हर्नरची गादी कोरडी पडली आहे का पाहा. तिला तेलाचा थेंब लागतो. स्प्रिंगची डबी मात्र घरी उघडू नये. ती स्प्रिंग सुटली तर हात कापते. तसंच सत्तरच्या दशकानंतरच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या टर्नटेबलमध्ये वेग भरकटत असेल, तर आधी वेगाचं बटण वीस-पंचवीस वेळा फिरवून त्यातली घाण मोकळी करा. तेवढ्याने भागलं नाही, तर कपॅसिटरचं काम जाणकाराकडे द्या. त्यांत वीज साठलेली असू शकते.

तबकडीवरचा ७८ हा आकडा

समजा यंत्र दुरुस्त झालं. घड्याळाने तपासलं, मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्या. आता ऐकू येणारा स्वर गायकाचाच, असं म्हणता येईल का? नेहमी नाही.

भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झालं. फ्रेड गेसबर्गने गौहर जानचं गाणं मेणावर उतरवलं. त्या काळात ७८ हा आकडा सर्वमान्य नव्हता. कुणी सत्तरच्या जवळ मुद्रण करी, कुणी ऐंशीला. ७८ रूढ झाला तो १९२५ नंतर, विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यावर. म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या तबकड्यांना ७८ म्हणणं हा सोयीचा शब्द आहे, पुरावा नव्हे.

मग मूळ वेग कसा ओळखायचा? इथे घड्याळ संपतं आणि साक्षी सुरू होतात. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल, तर त्याचे सूर ठरलेले असतात. योग्य वेगावर ते कुठल्यातरी पट्टीवर बसले पाहिजेत. नाट्यसंगीताच्या तबकड्यांना हे लागू पडतं. पण जुन्या पेट्या आजच्या मापाला लावलेल्या होत्याच असं नाही, म्हणून ही साक्ष एकटी पुरत नाही. त्याच बैठकीतल्या दुसऱ्या तबकड्या पाहाव्या. त्या गायकाच्या नंतरच्या, खात्रीच्या वेगाच्या मुद्रणातली पट्टी आणि गळ्याची जात पाहावी. बोलण्याचा आवाज असेल तर तो फार उपयोगी, कारण बोलण्याचा वेग चुकलेला कान लगेच पकडतो. एकेक साक्ष कच्ची असते. पण एकमेकींना न बांधलेल्या तीन-चार साक्षी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या, तर निर्णय करायला हरकत नाही.

आज हे सगळं सांगायचं कारण असं, की घरोघरी आजोबांच्या तबकड्या संगणकावर उतरवून घेणं चालू आहे. उतरवून झालं की तबकड्या भंगारात जातात किंवा विकल्या जातात. यंत्र तीन टक्के मंद असेल, तर ती चूक आता कायमची झाली. पुढच्या पिढीला तो आवाजच खरा वाटेल, कारण ताडून पाहायला मूळ काही उरणार नाही. स्थिर चूक निदान नंतर संगणकावर सुधारता येते, पण ती किती आहे हे कुणी लिहून ठेवलं असेल तरच. म्हणून उतरवण्याआधी शंभर फेऱ्या मोजा आणि आकडा फाइलच्या नावातच लिहा. तीन मिनिटांचं काम आहे.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही

सर, मुलाने अमेरिकेहून टर्नटेबल आणलं. एकशेदहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही लावला. तरी गाणं फारच खाली वाजतं. मोटर गेली का?

मोटर ठणठणीत आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आवर्तन नाही. अमेरिकेत साठ हर्ट्झ, इथे पन्नास. म्हणून ३३⅓ च्या जागी सुमारे २७.८ फेऱ्या होतात. सहाला पाच हे गुणोत्तर. गंमत अशी की, षड्ज आणि कोमल गंधार यांचं गुणोत्तरही तेच. गायकाने लावलेला कोमल गंधार तुम्हाला त्याच्या मूळ षड्जाच्या जागी ऐकू येतो. त्या मॉडेलची पन्नास हर्ट्झची पुली मिळते का ते विचारा. ती वीस टक्के जाड असते. ट्रान्सफॉर्मर मात्र राहू द्या, व्होल्टेजसाठी तो लागतोच. यंत्र डीसी मोटरीचं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

आमच्याकडे व्होल्टेज सारखं खाली-वर होतं. स्टॅबिलायझर लावावा का?

इंडक्शन मोटर असेल तर थोडा फायदा होईल, तिचं रेंगाळणं कमी होईल. सिंक्रोनस मोटरीच्या वेगावर फरक पडणार नाही. घरात शुद्ध साइनवेव्ह इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावर तो स्वतःचं आवर्तन तयार करतो, त्यावर प्लेअर चालेल. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर चालवू नका, मोटर घुमते आणि तापते.

घरी एलईडी दिवे आहेत. स्ट्रोबोस्कोपच्या रेघा दिसतच नाहीत.

बरोबर, कारण चांगला एलईडी झगमगतच नाही. जुना चोकवाला ट्यूबलाइट किंवा निऑनचा टेस्टर-दिवा घ्या. किंवा रेघा सोडा आणि चिठ्ठी लावून मोजा.

मोबाइलचं अ‍ॅप चालेल का?

चालेल. मोबाइलला स्वतःचं घड्याळ आहे, ते वीजमंडळाच्या तारेला बांधलेलं नाही, म्हणजे आपली अट पाळली गेली. पण हलक्या थाळीवर मोबाइलचं वजनच थाळीला मंद करू शकतं. म्हणून एकदा अ‍ॅपचा आकडा घ्या, एकदा चिठ्ठीने मोजा. दोन्ही जुळले तर अ‍ॅप वापरा. जुळले नाहीत, तर चिठ्ठीचं ऐका.

वेळ झाली आहे. ज्यांनी आपापल्या यंत्रांचे आकडे आणले आहेत, त्यांनी थांबावं, ते आपण बसून पाहू.